जास्तीचं माणूस

प्रश्न असा आला आहे: "मी कराडजवळ राहतो. आमच्या शिवारात ऊसतोडीची टोळी उतरली आहे. त्यातल्या एका बाईला, चार लहान पोरं आणि पाचव्यांदा दिवस गेलेले, रात्री अंगावरून फार जायला लागलं. मी तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. बाई वाचली. दुसऱ्या दिवशी मित्र म्हणाला, ‘अशांना वाचवूनच लोकसंख्या वाढते. बोट बुडायला आली असताना आणखी माणसं आत घेणं याला दया म्हणत नाहीत.’ त्यानं हार्डिन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाचा दाखला दिला. मला उत्तर सुचलं नाही. माणसं एवढी झाली असताना दया दाखवणं हा पुढच्या पिढीवर अन्याय ठरतो का?"

नाही ठरत. पण एवढ्यावर थांबले तर तुमचा मित्र म्हणेल, नर्सबाई आहे, मन मऊ असणारच. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी सातारा जिल्ह्यात आरोग्य खात्यात ३७ वर्षं काढली. १९८६ साली माण तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर रुजू झाले, आरोग्य सहायिका म्हणून २०२३ मध्ये निवृत्त झाले. कुटुंब नियोजन म्हणजे माझी निम्मी नोकरी. शिबिरांसाठी बायकांना जीपमधून मीच नेलं, कॉपर टी मी बसवल्या, निरोधची पाकिटं पदराआड लपवून मीच वाटली. लोकसंख्येचा प्रश्न खोटा आहे असं मी म्हणणार नाही. १९५१ च्या जनगणनेत आपण ३६ कोटी होतो, २०११ मध्ये १२१ कोटी. दीड एकरात चार भावांच्या वाटण्या झाल्या की काय उरतं ते माणच्या माणसाला आकडा न सांगताही कळतं.

आधी तुमच्या मित्राची बोट बघू. गॅरेट हार्डिन यांनी १९७४ साली मांडलेला हिशेब असा: बोटीत ५० माणसं आहेत, फार तर आणखी १० मावतील, आणि पाण्यात १०० जण पोहताहेत. सगळ्यांना घेतलं तर सगळेच बुडणार. म्हणून श्रीमंत देशांनी गरीब देशांना धान्य पाठवू नये, येणाऱ्यांना दार उघडू नये. ऐकायला चोख वाटतं. त्यात पाण्यातले १०० जण म्हणजे आपण होतो, हे मात्र आपल्याकडचे लोक तो दाखला देताना विसरतात. तुमचा मित्र स्वतःला बोटीत बसलेला समजतो. हार्डिन यांच्या बोटीत त्याला जागा नव्हती.

दुसरी गोष्ट मला २०१९ च्या पुरात कळली. त्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथं धोक्याची पातळी ४५ फूट. आमचं पथक पलूस-वाळव्याकडं मदतीला गेलं होतं. ८ तारखेला ब्रह्मनाळला गावकऱ्यांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि बायाबापड्या, लहान लेकरं गेली. बोट जास्त भरली होती, हे खरंच आहे. पण त्या आठवड्यात निवारा छावणीत बसलेल्या कुणाच्याही तोंडून "गावात माणसं फार झालीत" असं मी ऐकलं नाही. सगळे म्हणत होते, बोटी कमी होत्या, उशिरा आल्या. आणि बाकीच्या गावांतून हजारो माणसं बाहेर निघाली ती कशी? बोटी सकाळपासून अंधार पडेपर्यंत खेपा मारत होत्या. हार्डिन यांची बोट एकदाच भरते आणि समुद्रात तरंगत राहते. कृष्णेवरची बोट माणसं पैलतीराला उतरवते आणि परत येते. मला वाटतं या दोन बोटींतल्या फरकातच तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे. माणूस वाचला म्हणजे तो जन्मभर तुमच्या बोटीत जागा अडवून बसतो, हे गृहीतच चुकीचं आहे.

मी स्वतः तशी वाचलेली आहे. माझा जन्म १९६५ चा, सात भावंडांतली पाचवी. ७२ च्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची, आम्ही पोरं कामाच्या जागेपाशी खेळायचो. तिथं सुखडी नावाचा पौष्टिक खाऊ मिळायचा. तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी मी खाल्ल्या आहेत. ती अमेरिकेतून यायची आणि घशाखाली उतरत नव्हती. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. शिळ्या भाकरीला लोक महाग झाले, गुरं कसायाला गेली, गावं ओस पडली, पण माणसं मोठ्या संख्येनं मेली नाहीत.

त्याच्या शंभर वर्षं आधीचा हिशेब वेगळा होता. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात सरकारी कारभार चालवणारे साहेब माल्थस या इंग्रज अर्थतज्ज्ञाच्या विचारावर पोसलेले होते: माणसं धान्यापेक्षा वेगानं वाढतात, दुष्काळ हा निसर्गाचा लगाम, फार मदत केली तर पुढचा दुष्काळ मोठा. सरकारचे दुष्काळी प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ साली दुष्काळी कामावरच्या गड्याची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी, आणि वर एक आणा, इतक्यावर आणून ठेवली. खडी फोडणाऱ्या माणसाला एवढं! आपल्या दख्खनच्या मजुरांनी ती मजुरी नाकारून कामं सोडली होती. त्या दुष्काळात देशात ५० लाखांहून अधिक माणसं मेली. तुमच्या मित्राचा विचार नवा नाही, हे एवढ्यासाठी सांगितलं. तो आपल्या पणजोबांवर वापरून झाला आहे. त्याच दुष्काळात सत्यशोधक मंडळींनी अन्नछत्रं चालवली. त्यात जोतिरावांबरोबर सावित्रीबाई होत्या, आमच्याच जिल्ह्यातल्या नायगावच्या लेक.

१९७२ मध्ये काय वेगळं घडलं? मदत म्हणजे भीक नाही, काम मागणं हा हक्क आहे, ही कल्पना आली. तिचा पहिला प्रयोग विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला केला होता. पुढं १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला.

आता बघा, त्या मदतीनं वाचलेल्यांनी लोकसंख्या किती वाढवली. आम्ही सातांपैकी सहा जगलो. एक भाऊ दीड वर्षाचा असताना हगवणीनं गेला आणि त्याच्यानंतरही आई बाळंत होत राहिली. आम्हा सहा जणांना मिळून तेरा मुलं. त्या तेरांना आतापर्यंत पंधरा, दोघांची लग्नं अजून व्हायची आहेत. आईला सात, मला दोन, माझ्या मुलीला एक. आमच्या घराला कुणी धमकावलं नाही, कुणी दंड केला नाही. देशाचा आकडाही याच वाटेनं गेला. एका बाईला सरासरी ३.४ मुलं १९९२-९३ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत होती, २०१९-२१ मध्ये २.० झाली, महाराष्ट्रात १.७. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतात, म्हणजे आपण त्याच्याही खाली आलो. आणि जन्मलेल्या हजार बाळांपैकी वर्षाच्या आत जाणारी देशात १९७१ साली १२९ होती, २०२० साली २८.

हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून बघायची सवय मला पुस्तकानं लावली नाही. एका बाईनं लावली.

ते सांगायला मला आवडत नाही, पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथंच आहे. १९९१ चा मार्च. तेव्हा नर्सबाईला नसबंदीच्या ऑपरेशनांचं वर्षाचं टार्गेट असायचं. एवढ्या ‘केसेस’ झाल्याच पाहिजेत. बाई म्हणजे केस, हा शब्द आमच्या तोंडी इतका बसला होता की आम्हाला तो खटकतही नव्हता. मार्च आला की मासिक सभेत वरिष्ठ उभं करायचे, पगार रोखायची भाषा व्हायची. माझ्या तीन केसेस कमी पडत होत्या. एका वस्तीवर तेवीस वर्षांची बाई होती, दोन मुलगे, धाकटा दहा महिन्यांचा. तिला ऑपरेशन करायचं नव्हतं असं नाही, पण आत्ता नको होतं. "पोरगं जरा हुबं ऱ्हाऊ द्या बाई," म्हणत होती. मी तिच्या मागं लागले. पैसे मिळतील सांगितलं. रेशन कार्ड अडेल का, असं तिच्या सासऱ्यानं विचारलं तेव्हा मी हो म्हणाले नाही, पण नाहीही म्हणाले नाही. गप्प बसले. ते गप्प बसणं पुरलं. माझं टार्गेट पूर्ण झालं.

श्रावणात त्या धाकट्याला गोवर निघाला, त्यावर जुलाब लागले. चार दिवसांत गेला. महिन्याभरानं ती उपकेंद्राच्या पायरीवर येऊन बसली. भांडायला आली नव्हती. एवढंच म्हणाली, "बाई, तुमी दोन बास म्हनला व्हता. आता एकच हाय." नस परत जोडता येते का बघायला आम्ही तिला पुण्याला पाठवलं. ते ऑपरेशन झालं, पण मूल राहिलं नाही.

त्यानंतर चार वर्षं त्या वस्तीवरून एकही बाई ऑपरेशनला आली नाही. पोरांना लस द्यायला गेलं तर दारं लागायची. माझ्या सक्तीनं लोकसंख्या किती कमी झाली, हा हिशेब मी कितीदा मांडला आहे. एक ऑपरेशन जमेला, चार वर्षांची सगळी वस्ती खर्चाला. ज्या घरातलं पोर जगेल की नाही याची खात्री नाही, ते घर एक-दोन जास्त पोरं ‘हाताशी’ ठेवतं. त्याला अडाणीपणा म्हणायची पद्धत आहे. मला तो विमा वाटतो. तो विमा सोडायला लावायचा तर आधी पोर जगेल याची हमी द्यावी लागते. नंतर मी उलट्या बाजूनं सुरुवात केली. आधी गोवराची लस, जुलाबाला मीठ-साखर-पाणी, बाळंतपण दवाखान्यात, आणि नियोजनाची गोष्ट पोराच्या पहिल्या वाढदिवसानंतर. एप्रिल १९९६ मध्ये सरकारनं टार्गेटच काढून टाकलं. आता कुणी नर्स काम करणार नाही, जन्म भरमसाट वाढतील, असं तेव्हा बरेच जण म्हणत होते. जन्म कमीच होत गेले.

आणीबाणीत हाच धडा सगळ्या देशाला मिळाला होता. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यात पुरुषांच्या बहुसंख्य. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक १९७६ साली मंजूर करणारं विधिमंडळ आपलंच, महाराष्ट्राचं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. आई सांगायची, जीपचा आवाज आला की गावातले बापये शिवारात पळायचे आणि रात्री उशिरा घरी यायचे. त्या भीतीचा परिणाम अजून गेलेला नाही. २०१९-२१ च्या पाहणीत देशात ३७.९ टक्के विवाहित बायकांनी नसबंदी केलेली होती, आणि पुरुषांचं प्रमाण ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, टाका नाही, तासाभरात घरी. तरी सगळं ओझं बायकांच्या पोटावर आलं. कठोर उपायाचा भार शेवटी कुणावर पडतो ते बघायचं असेल तर हे दोन आकडे पुरेत.

आता मुळाशी येते. "माणसं जास्त झाली" असं म्हणताना आपल्याला एक मोठी गर्दी दिसते, तिच्यात चेहरे नसतात. पण कमी करायची वेळ आली की कुणाला तरी बोट दाखवावं लागतं. जास्तीचं माणूस कोण? मी तिला भेटले आहे. तिचं नाव नकुशी.

शाळा तपासणीला गेलं की हजेरीपटावर नाव दिसायचं, कुठं नकुशी, कुठं नकुसा. तिसरी किंवा चौथी मुलगी झाली की हे नाव ठेवायचं, म्हणजे देव पुढची मुलगी देणार नाही. खटाव-माणकडं एका वर्गात अशा दोघी-तिघी असायच्या. हाक मारली की "ओ" देत पुढं यायच्या, जशी कुठलीही मुलगी यावी तशा. २२ ऑक्टोबर २०११ ला साताऱ्यात २८५ मुलींची नावं समारंभानं बदलली. त्याच्या आधी याद्या करायला आम्ही घरोघर फिरलो. एका घरी नातीचं नाव लिहून घेत होते तर कोपऱ्यात वाती वळत बसलेली आजी म्हणाली, "माजं बी बदलता का? मी बी नकुसाच." सत्तरीची असेल. यादी शाळकरी मुलींची होती. मी तिचंही नाव शेवटी लिहिलं, पुढं काही झालं नाही.

लहान कुटुंब हवं, पण मुलगा हवाच, असा दोन्हीकडून दाब आला तेव्हा आमच्या सधन भागानं काय केलं ते जनगणनेत लिहिलेलं आहे. २००१ मध्ये सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागं ८५१ मुली होत्या. साताऱ्यात २०११ मध्ये ८९५, आणि त्याच जनगणनेत सगळ्या वयांचे मिळून धरले तर हजार पुरुषांमागं ९८८ बायका. (हा दुसरा आकडा बघून हुरळून जाऊ नका. आमचे गडी मुंबईला माथाडीत आणि गोदीत, म्हणून गावात बायका जास्त दिसतात.) कृष्णाकाठी ऊस पिकला, सोनोग्राफी आली, आणि बोटीतून पहिली कुणी ढकलली गेली असेल तर ती मुलगी. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला १९ भ्रूण पुरलेले सापडले. एक बाई गर्भपातात गेली म्हणून ते उघडकीला आलं. गर्भलिंगनिदानावर बंधन घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ साली आपल्याच राज्यानं केला होता.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीसाठी दोन अपत्यांची अट आली, १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं झालं की माणूस अपात्र. हेतू वाईट नव्हता. मी पाहिलं ते असं: एकानं तिसरं मूल भावाच्या नावावर लावलं, एकानं बायकोला बाळंतपणापासून माहेरीच ठेवलं, आणि एका बाईनं सरपंचपद सोडलं, कारण तिसरं होऊ द्यायचं की नाही हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. पुरुष पुढाऱ्याला पळवाट मिळते. बाईला मिळत नाही.

तुमच्या मित्राच्या बोलण्यात पुढं ‘त्यांची’ लोकसंख्या येईल. बहुधा आलीही असेल. तेव्हा त्याला एवढं सांगा की मुसलमान बायकांची सरासरी १९९२-९३ मध्ये ४.४ होती, ती २०१९-२१ मध्ये २.४ च्या आत आली. सगळ्यांत जास्त उतार तिथंच आहे. आमच्या आशाताईंना दोन वस्त्यांत धर्मामुळं फरक जाणवत नाही. मुलगी दहावीला पोचली की नाही, यानं जाणवतो.

जन्मदर उतरला तरी माणसं का वाढताहेत, असंही तो विचारेल. प्रश्न रास्त आहे. आजच्या आया होणाऱ्या मुली वीस-पंचवीस वर्षांपूर्वी, जास्त जन्मांच्या काळात जन्मल्या. त्यांची संख्याच मोठी, म्हणून प्रत्येकीला दोनच झाली तरी काही दशकं भर पडत राहणार. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजानं २०६० नंतर थोड्याच वर्षांत, साधारण १७० कोटींवर पोचून आपण उतरणीला लागू. हा वेग खरोखर कमी करायचा एक बिनरक्ताचा मार्ग आहे, तो म्हणजे पहिलं मूल उशिरा. पिढ्यान् पिढ्या अठराव्या वर्षी आई होत गेल्या, तर बहात्तरीच्या म्हातारीच्या खाली घरात चार पिढ्या असतात. पंचविसाव्या वर्षी झाल्या, तर पंचाहत्तरीला तीन. मुलं दोन्हीकडं दोन-दोनच धरा, तरी एका वेळी खाणारी तोंडं कमी.

साताऱ्याच्या जिल्हा परिषदेनं २००७ साली हे ओळखून नवीन जोडप्यांसाठी ‘हनिमून पॅकेज’ काढलं होतं. पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर ५,००० रुपये, तीन वर्षं लांबवलं तर ७,५००. आमची थट्टा भरपूर झाली. एका सासूनं मला दारातच विचारलं होतं, "बाई, महाबळेश्वरला तुमीच नेणार व्हय?" पण नव्या सुनेशी तिच्या सासूसमोर पाळणा लांबवण्याबद्दल बोलायला सरकारी निमित्त मिळालं, माझ्या लेखी पैशांपेक्षा ते मोठं होतं. लग्नानंतर वर्षाच्या आत ‘काही आहे का’ या प्रश्नाला त्या पोरीला पहिल्यांदाच उत्तर होतं.

संततिनियमन आणि दया या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध उभ्या कुणी केल्या मला ठाऊक नाही. आपल्याकडं तरी त्यांचा उगम एकच आहे. रघुनाथराव कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी त्यांची प्राध्यापकी गेली. त्यांच्या मासिकावर खटला झाला तेव्हा १९३४ साली बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले, आणि १९३८ साली बाबासाहेबांच्या पक्षानं मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला. तो ठराव पडला. ही माणसं देशातली गर्दी मोजत बसली नव्हती. दर दीड वर्षानं बाळंत होऊन पस्तिशीत संपणारी बाई त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

तुमचा मित्र एका बाबतीत बरोबर आहे, आणि ते मी लपवणार नाही. नुसतं वाचवून सोडून देणं ही अर्धीच दया. सहा ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या बाईला रक्त चढवायचं, घरी पाठवायचं, आणि दीड वर्षानं तीच बाई तशीच पुन्हा आणलेली बघायची, हे मी अनेकदा केलं आहे. तिला पुढचं मूल हवंय का, हे दवाखान्यात कुणीच विचारलेलं नसतं. अशा बायकांना मी नंतर विचारलं तेव्हा बहुतेकींचं उत्तर "नको हुतं" असंच होतं. त्यांना जास्त मुलं झाली ती दयेमुळं नाही. त्यांच्यापर्यंत पोचलेली दया दवाखान्याच्या दारात संपली म्हणून झाली.

पाण्याचं आणि जमिनीचं थोडक्यात सांगते, तो माझा विषय नाही. माणसं जास्त म्हणून पाणी पुरत नाही, हे मी जत-आटपाडीच्या लोकांच्या तोंडून ऐकलेलं नाही. ते वाटपाबद्दल बोलतात. खानापूर तालुक्यात येरळेवर लोकांनी स्वतः बांधलेलं बळीराजा धरण आहे. तिथं भूमिहीनालाही पाण्याचा हिस्सा धरला होता. तुमच्या शिवारातला ऊस किती पाणी पितो आणि तो तोडणाऱ्या बाईच्या कोपीत, म्हणजे तिच्या झोपडीत, दिवसाला किती घागरी जातात, हे मित्राला एकदा मोजायला सांगा.

आता त्या बाईचं. तुम्ही लिहिलेलं नाही की गर्भ राहिला की गेला. गेला असेल तर घाई करा. गर्भपातानंतर दोन आठवड्यांतही पुन्हा दिवस जाऊ शकतात. तिला हवं असेल तर कॉपर टी बसवता येईल, ती दहा वर्षं चालते आणि नको झाली की काढता येते. तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शनही सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, पण पुढचा डोस गावाकडं घ्यायचा हे तिला नीट समजावून सांगावं लागेल. गर्भ राहिला असेल तर हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या, आणि दवाखान्यातच बाळंतपण. मूल झाल्यावर ४८ तासांच्या आत तिथंच कॉपर टी बसते. माता-बाल संरक्षण कार्ड गावाकडचं असेल तर ते चालतं, नसेल तर इथं नवं काढा. रहिवासी दाखला लागत नाही. कुणी मागितला तर मागणाऱ्याचं नाव विचारा, तो विषय तिथंच संपतो.

नवऱ्याशी तुम्ही बोला. हे काम तुमच्याकडून होईल, नर्सकडून होणार नाही. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, एकजण बसला तरी खाडा पडतो आणि उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांत, कापून जातो. बाईच्या ऑपरेशनला किती खाडे आणि पुरुषाच्या बिनटाक्याच्या नसबंदीला किती, एवढा हिशेब त्याच्यासमोर मांडा. दोन दिवसांत हलकं काम, आठवड्यानं मोळी उचलता येते. ताकद जात नाही, हे दोनदा सांगा, पहिल्यांदा कुणाला खरं वाटत नाही. शस्त्रक्रियेनंतर तीन महिने आणि तपासणी होईपर्यंत निरोध वापरावा लागतो, हेही सांगायला विसरू नका, नाहीतर दिवस गेले की बायकोवर संशय येतो. मी अशी दोन घरं मोडताना पाहिली आहेत.

आणि "पिशवीच काढून टाक, कटकट मिटेल" असा सल्ला तिला कुणी दिला असेल, टोळीचा मुकादम असो की डॉक्टर, तर दुसऱ्या सरकारी डॉक्टरला दाखवल्याशिवाय तिला होकार देऊ देऊ नका. ऊसतोडीच्या बायकांच्या बाबतीत हे फार झालं आहे.

तिच्याशी बोलताना मुकादम जवळ नको, सासू असेल तर तीही नको. तुमच्या गावच्या आशाताईला घेऊन जा, कोपीवर संध्याकाळी जा, सकाळी सगळे फडात असतात. ती नाही म्हणाली तर नाही. पुन्हा आठवड्यानं जा, पोरांच्या निमित्तानं. चारही पोरांच्या लसी तपासायच्याच आहेत, गोवराच्या आधी. लसीकरणाचा दिवस उपकेंद्राच्या फळ्यावर लिहिलेला असतो.

हे सगळं पट्टा पडायच्या, म्हणजे तोडीचा हंगाम संपायच्या, आत करा. मार्च-एप्रिलमध्ये ट्रक भरून निघाले की ती कुठं सापडणार नाही. आणि जाताना मित्रालाही बरोबर घ्या. चार लहान पोरं रस्ता ओलांडून उपकेंद्रापर्यंत न्यायची, एकट्याला सावरत नाहीत.